माशांचं आंबोण

जालना,
१८ जुलै १९९९

दाजींना साहेबरावचा रामराम.

कचरूच्या टेम्पोतून एक पिशवी पाठवली आहे. उघडल्यावर आंबूस वास येईल. घाबरून उकिरड्यावर फेकू नका, तो वास तसाच असतो.

तुम्हाला माहीतच आहे, आमच्या कंपनीत कोंबड्यांच्या अन् जनावरांच्या खाद्यात घालायच्या पावडरी बनतात. आता साहेबांनी खास माशांसाठी एक काढली आहे. तिच्यात पोटातले चांगले जंतू असतात, जिवंत. दुधाला विरजण लावतो ना आपण, तसंच समजा. माशाच्या आतड्यात ते एकदा लागलं की खाल्लेलं अंगी लागतं, रोग कमी होतो, मासा भरतो. आजवर तुमचे मासे शेणावर अन् नशिबावर वाढले, आता जरा पाहुण्यासारखं खाऊ घाला. भुईमुगाची पेंड, तांदळाचा कोंडा अन् घमेल्याला एक मूठ पावडर, असं एकत्र कालवायचं, भोकं पाडलेल्या पोत्यांत भरायचं अन् पोती बांबूला बांधून पाण्यात सोडायची. मासे येऊन भोकांतून खातात. पावडर मात्र थंड जागी ठेवा, ऊन लागू देऊ नका.

दाजी, तुमच्यापासून काय लपवायचं? पोळा झाल्यावर साहेब स्वतः तुमचं तळं बघायला येणार आहेत. मासे भरलेले दिसले तर मला गोदामातून काढून फिरतीवर घेणार आहेत. गोण्या उचलून कंबर गेली माझी. तेव्हा लाज राखा.

आक्काला नमस्कार. म्हशीनं लाथ मारलेला पाय बरा झाला का?

तुमचा,
साहेबराव

—

केदारखेडा,
१ ऑगस्ट १९९९

साहेबरावला रामकिसनचा रामराम.

पिशवी पोचली. कचरू पिशवी देऊन नाक धरून हुभा राह्यला. म्हणला, दाजी, तुमच्या मेव्हण्यानं मेलेलं काय पाठवलं का? म्या म्हणलं, कंपनीचा माल हाय, तुला कळायचा न्हाई.

आता माझं ऐक. तुला वाटून राह्यलं रामकिसननं तळ्यात मासे सोडले अन् मजेत बसला. तसं बिलकुल न्हाई. पाझर तलाव गावाचा. त्याच पाण्यावर गावाची जनावरं. मासे सोडायचे म्हणल्यावर गावानं असा तमाशा केल्ता की इचारू नको. पाणी बाटंल म्हणले, वास मारंल म्हणले. शेवटी म्या मारुतीच्या पारावर सगळ्यायसमोर शब्द देल्ला, ज्या दिवशी एक बी जनावर ह्या पाण्याला तोंड लावायचं न्हाई, त्याच्या दुसऱ्या दिवशी जाळं टाकून मासे काढीन अन् तळं मोकळं करून दीन. तव्हा कुठं सरपंच अण्णासाहेब हो म्हणले. माझा बाप ह्या गावात कव्हा खोटा पडला न्हाई, साहेबराव. मला बी पडायचं न्हाई.

दुर्गाला सांगितलं, भावानं माशाचं औषध पाठवलं, खाण्यात टाकत जा. झालं! भावाचं नाव काढलं की तुझ्या बहिणीला पाय फुटतेत. पदर खोचून लागली कामाला. म्हशीला खाऊ घालायचं आंबोण अन् माशाचं, दोन्ही तिच्याच हाताखाली. पहाटीच अंगणातली मोठी चूल पेटून राह्यली. लग्नाला इतकी वर्सं झाली, पर एवढा पाहुणचार माझा झाला न्हाई. पिशवी रांजणाच्या सावलीला ठेवली हाय, तिची काळजी नको.

म्या फक्त पोती नेतो अन् बांबूला बांधतो. पाय बरा हाय तिचा.

रामकिसन

—

जालना,
१४ ऑगस्ट १९९९

दाजी, रामराम.

पत्र वाचून लई बरं वाटलं. आक्काच्या हाताखाली म्हणजे आता चिंता नाही. तिच्या हातचं खाऊन मीच केवढा झालो बघा.

जाळं टाकून दोन-चार मासे काढून बघा बरं, हाताला जड लागतात का. लागत नसले तर मूठभराच्या जागी दीड मूठ टाका. खाणं वाढवलं तरी चालेल. साहेब परवा पुन्हा विचारत होते, "काय साहेबराव, तुमच्या दाजींचे मासे काय म्हणतात?" मी सांगून टाकलं, मस्त आहेत.

राखीला येणं जमणार नाही, गोदामात माल फार आहे. आक्काला सांगा रागवू नको म्हणून.

साहेबराव

—

केदारखेडा,
२९ ऑगस्ट १९९९

साहेबराव,

रामराम बिमराम मागून. आधी सांग, तू काय पाठवलंस?

पहाटी तळ्यावर गेल्तो. सगळे मासे वर आलेले, तोंडं पाण्याबाहेर काढून वारं गिळून राह्यले. एवढा मोठा कटला मासा, पर म्या काठी आपटली तरी हालंना. काठाला पांढरी पोटं तरंगून राह्यली. कालच्याला थोडी व्हती, आज टोपलंभर. दुर्गा धारा काढत व्हती तेवढ्यात म्या ती गोळा करून लिंबाखाली पुरली. पाण्याला बी वास सुटलाय. मासे जड बिड काही झाले न्हाईत, हाडं लागतेत हाताला.

तू म्हणलास खाणं वाढवा, वाढवलं. तू म्हणलास दीड मूठ, दुर्गानं दीड मूठ टाकली. ते वाढवल्यापासूनच हे सुरू झालं.

मासे मेले तर मरू दे. माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकलाय. नऊ तारखेला पोळा. आदल्या दिवशी खांदेमळणी. सध्या पावसाळ्यात जनावरं ओढ्यालाच पितेत, पर आमच्या गावाची रीत तुला ठाऊक हाय. त्या दिवशी गावातला एकूण एक बैल ह्याच तळ्यात उतरतो. धुवून काढतेत, अन् धुताना तो पोटभर पाणी पितो. वर्सभर राबलेलं जनावर, त्याला त्या दिवशी कुणी पाण्यापासून वढत न्हाई. तुझ्या पावडरीनं मासे मरून राह्यले असतील, तर बैलाचं काय व्हईल? एक जरी बैल फेस गाळून पडला तर म्या कुणाला तोंड दाखवू? शब्द गेला चुलीत, इथं जनावराच्या जिवाचा सवाल हाय.

सरळ लिही. इखार हाय का न्हाई? फोन करू नको. गावात एसटीडी एकच, मच्छिंद्राची. तो पलीकडून कान लावून बसतो अन् बिल द्यायच्या आत गोष्ट वेशीपर्यंत पोचलेली असती. जबाब कचरूजवळ दे.

दुर्गाला म्या काही बोललो न्हाई, ती देती ते खाणं आता तळ्यात न सोडता खड्ड्यात वततो. भावाचं औषध म्हणून मिरवून राह्यली बायांत. तिचं तोंड उतरलेलं मला पाहवायचं न्हाई.

रामकिसन

—

जालना,
३१ ऑगस्ट १९९९

दाजी, रामराम.

तुम्ही उगीच घाबरलात. पावडर चांगली आहे, डोळे झाकून टाका. साहेबांनी शहरातल्या हौदात वापरून बघितलेली आहे. तिनं मासे मरत नसतात. आजूबाजूच्या कपाशीवर फवारणी झाली असेल अन् पावसानं ते विष तळ्यात उतरलं असेल. नाहीतर कुणाच्या तरी पोटात दुखलं असेल तुमचं चांगलं होतंय म्हणून. तुमच्या गावात काय कमी लोक आहेत?

तरी पण दाजी, एक विचारतो, सहज. पिशवीच्या तोंडाला चिकटपट्टी लावलेली होती, ती लाल होती का निळी? आठवून कळवा. काही विशेष नाही, गोदामात नोंद करायची असते म्हणून.

आक्काला यातलं काही कळू देऊ नका, माझी शपथ आहे.

साहेबराव

—

केदारखेडा,
२ सप्टेंबर १९९९

साहेबराव,

सहज म्हणं! मला काय दूधखुळा समजलास? ज्याला आपल्या मालाची खात्री हाय तो पट्टीचा रंग इचारत न्हाई. तुलाच ठाऊक न्हाई तू काय पाठवलंस, ही गोष्ट हाय. अन् वरून मला सांगतो डोळे झाकून टाका! डोळे उघडे ठेवून हे झालं, झाकले असते तर काय व्हतं?

पट्टी बिट्टी काही न्हाई. दुर्गानं पिशवी सोडली त्याच दिवशी ती चुलीत गेली असंल. मला आठवंना, अन् तिला इचारावं तर ती इचारती, कशाला पायजे?

कपाशीच्या फवाऱ्याचं म्हणलास. आमच्या तळ्याच्या वरच्या अंगाला बरड हाय, कपाशी कुणाचीच न्हाई. तू दोनदा आलास इथं, तुला बी ठाऊक हाय. घाबरलेल्या माणसाला काही बी सुचतं.

भोकरदनला जाऊन आलो. जनावराच्या दवाखान्याला कुलूप. मत्स्यवाल्यायच्या हापिसात एक शिपाई तेवढा बसलेला. म्हणला, सगळे साहेब इलेक्शनच्या ड्युटीवर हायेत, मतदान झाल्यावर या. मतदानाच्या नादात पोळा निघून जाईल, हे त्याला कुणी सांगावं? दिवसभर जीपा फिरून राह्यल्या, भोंगे वरडून राह्यले, अन् पाणी तपासायला एक माणूस भेटंना.

काल अण्णासाहेब तळ्यावर आल्ते. म्हणले, रामकिसन, पाण्याला वास कशाचा? म्या म्हणलं, शेवाळ कुजलंय. जिंदगीत पहिल्यांदा त्या माणसाशी खोटं बोललो. ते पाण्याकडं पाहून निघून गेले. 

सात तारखेला सांजच्याला पारावर बैठक हाय पोळ्याची. वाजंत्री, मानाचा बैल, सगळं तिथं ठरतं. त्या बैठकीत मला हुभं राहून सांगावं लागंल, बैल तळ्यात घाला का घालू नका. खरं काय ते त्याच्या आत कळव. खोटं लिहिलंस तर दुर्गाचा भाऊ म्हणून सोडणार न्हाई.

रामकिसन

—

जालना,
४ सप्टेंबर १९९९

दाजी,

तुमचे पाय धरतो, आधी पुरतं वाचा.

आमच्या गोदामात दोन पिंपं शेजारी शेजारी असतात. दोन्हींत पांढरट पावडर. एकात माशांची, जिवंत जंतूंची, तिला निळी पट्टी. दुसऱ्यात कोंबड्यांच्या रोगाचं औषध, त्याला लाल पट्टी. त्या औषधाच्या पिंपावर लिहिलं आहे, दुभत्या जनावरांपासून दूर ठेवा. तुमची पिशवी भरली त्या दिवशी गाडी भरायची घाई होती, पिंपं हलवलेली होती अन् दोन्ही उघडी होती. मी निळ्यातूनच घेतली असं मला वाटतं. पण शपथ घ्यायची म्हटली तर जीभ रेटत नाही. मागच्या पत्रात छाती ठोकून लिहिलं ते भीतीपोटी. वाटलं, दाजीला कळलं की मला आक्काचं दार बंद.

पण मंग काल एक गोष्ट डोक्यात आली. घरी तुळजा दूध विरजत होती. मी म्हटलं, थांब. गोदामात जाऊन दोन्ही पिंपांतली चिमूट चिमूट आणली अन् दोन वाट्यांत कोमट दूध घेऊन घातली. तिनं माझ्या सात पिढ्या काढल्या, दूध वाया घालवलं म्हणून. सकाळी बघितलं तर निळ्या पट्टीच्या वाटीत घट्ट दही लागलेलं अन् लाल पट्टीचं दूध तसंच पातळ. जंतू जिवंत असले तर दूध लागणारच, अन् औषध असलं तर काही केल्या लागत नाही. दाजी, तुमच्या पिशवीत उरली असेल त्यातली चिमूट कोमट दुधात घाला अन् रात्रभर झाकून ठेवा. दूध लागलं तर पावडर चांगली. नाही लागलं तर बैल तळ्याजवळ फिरकू देऊ नका, अन् मी स्वतः गावात येऊन पारावर उभा राहतो. मारायचं तर मारा.

अजून एक. पावडर घेतल्यापासून पोती पाण्यात सोडेपर्यंत काय काय करता ते सगळं कळवा. पाणी कोणतं, हात कोणाचा, किती वेळ. माझं काहीतरी सांगायचं राहून गेलं असेल असं आता वाटून राह्यलंय.

दूध मागताना आक्काला काय सांगायचं ते तुम्हीच बघा. मला सुचत नाही.

साहेबराव

—

केदारखेडा,
६ सप्टेंबर १९९९

साहेबराव,

दूध लागलं.

आता कसं झालं ते ऐक. म्या दुर्गाला म्हणलं, चहाला जरा कोमट दूध दे. ती म्हणली, चहाला कोमट दूध? तुमचं डोकं ठिकाणावर हाय ना?  डोळ्याला पाणी आलं माझ्या. मंग सगळं सांगितलं, मेलेले मासे, लिंबाखालचा खड्डा, तुझ्या दोन पट्ट्या, बैल. तिनं दूध तापवलं, निववलं, बोट घालून पाह्यलं, पिशवीतली चिमूट टाकली अन् चुलीच्या उबेला झाकून ठेवलं.

सकाळी गाडगं तिरपं केलं तर दही हालंना. म्या मारुतीला नारळ बोललो. पर तुझी बहीण गाडग्याकडं पाहतच राह्यली. म्हणली, "हे विरजण व्हतं? जित्तं?" म्या म्हणलं, हो. म्हणली, "अन् म्या ते रोज रटरटत्या पेंडीत टाकलं?"

साहेबराव, ती शिजवत व्हती. म्हशीचं आंबोण शिजतं तसं माशाचं बी. कच्ची पेंड खाल्ली की जनावर फुगतं, हे आमच्याकडं लेकराला बी ठाऊक हाय. कच्चं कोण खाऊ घालतं मुक्या जिवाला? चुलीवर पेंड अन् कोंडा चढवायचा, खदखदायला लागला की वरून पावडर, अन् झाकण. तुझे जंतू तिथंच खपले. म्या हे तुला लिहिलं न्हाई, कारण त्यात लिहायचं काय, असं वाटलं.

मंग दोघं तळ्यावर गेलो. पोतं वर वढलं तर निम्मं रिकामं. शिजून पातळ झालेलं सगळं भोकातून गळून बुडाशी. बांबू खुपसला तर काळा गाळ वर आला, गटारीच्या वासाचा. ते बुडाशी कुजून राह्यलं, अन् माशाला लागतो तो पाण्यातला दम खाऊन राह्यलं. आम्ही खाणं वाढवलं तसं मासे जास्त मेले. इखार कुणी टाकलं न्हाई, आम्हीच रांधून घातलं.

पोती सगळी काढली. खाणं बंद. वरच्या अंगाला ओढ्याची वाट खोदून मोकळी केली, तिकडून नवं पाणी येऊन राह्यलं. आज मासे जरा खाली गेलेत. पर वास अजून हाय.

उद्या बैठक. म्या ठरवलंय, खरं सांगायचं. फक्त एक सोडून. शिजवायचं म्याच सांगितलं, असं बोलणार. गावच्या बायांनी तिच्या नावानं बोटं मोडलेली मला सोसायची न्हाईत. तू बी कुणाला बोलू नको.

रामकिसन

—

जालना,
७ सप्टेंबर १९९९, सकाळ

दाजी,

कचरू थांबला आहे म्हणून घाईत लिहितो. दोष माझ्यावर टाका. गरम करू नका एवढे तीन शब्द मी लिहायला विसरलो. आमच्या कंपनीतल्या लोकांना वाटतं सगळं जग पेंड कच्चीच घालतं, अन् मी तर आक्काच्याच हातचं आंबोण बघत वाढलेला माणूस. मला तरी सुचायला पाहिजे होतं!

दोन पिंपांचं साहेबांना सांगून टाकलं. चिडले. फिरतीचं आता विसरा म्हणाले. असू द्या. गोदामात एक पिंप तरी दुसऱ्या खोलीत गेलं.

बैठकीत काय झालं ते लगेच कळवा. माझा जीव थाऱ्यावर नाही.

साहेबराव

—

केदारखेडा,
११ सप्टेंबर १९९९

साहेब्यास आक्काचा आशीर्वाद.

अक्षर पाहून दचकू नको, म्याच लिहून राह्यले. ह्यांना म्हणलं, आता बस झाली तुमची लिखापढी, कागद इकडं द्या.

बैठकीचं सांगते. सगळं गाव पारापाशी. आम्ही बाया मागं, देवळाच्या भिंतीला. हे हुभे राह्यले अन् बोलले, मासे मेले ते, वासाचं, अण्णासाहेबाशी शेवाळाचं खोटं बोलले ते बी. मंग म्हणले, "खाणं शिजवायला म्याच लावलं. चूक माझी." मला राहवलं न्हाई. म्या उठले अन् म्हणलं, "ह्यांना चूल पेटवायला काडी सापडत न्हाई, हे काय शिजवायला लावतेत? शिजवलं म्या. म्हैस बी म्याच सांभाळते अन् मासे बी म्याच." लोकं हसले. हे माझ्याकडं असे पाहत राह्यले की काय सांगू.

मच्छिंद्र वरडला, "आधी हे सांगा, पावडर इखाराची हाय का न्हाई? जालन्याचा माल, कुणी पाह्यलाय?" म्या दह्याचं गाडगं घेऊनच गेल्ते पदराखाली. पुढं ठेवलं. म्हणलं, त्याच पावडरीचं दही हाय, आज लावलेलं. अन् सगळ्यायसमोर वाटीभर खाल्लं. पुरुष माणसं एकमेकाच्या तोंडाकडं पाहून राह्यली. अण्णासाहेबाची बायको गोजरबाई मातर पुढं आली. गाडगं तिरपं करून पाह्यलं, बोटाला घेऊन चाखलं. म्हणली, "माझ्या म्हशीला डॉक्टरनं सुई मारली की आठ दिस तिच्या दुधाला दही लागत न्हाई. औषधाचं दूध लागत नसतं. हे लागलंय. ह्यात इखार न्हाई." मागं बाया म्हणल्या, बराबर हाय. झालं, मच्छिंद्र खाली बसला.

पर अण्णासाहेब म्हणले, "इखार न्हाई, कबूल. रामकिसन, तू शब्द काय देल्ता?" हे म्हणले, "जनावर पाण्याला तोंड लावायचं न्हाई त्याच्या दुसऱ्या दिवशी मासे काढीन." अण्णासाहेब म्हणले, "मंग आपण कशाला भांडायचं? जनावरालाच इचारू. उद्या आधी तुझी जोडी उतरंल, वरच्या अंगानं. ती प्याली तर गावाची जनावरं तिच्यामागं. न्हाई प्याली तर पोळ्याच्या दिवशी तू जाळं टाकशील."

त्या रात्री घरात कुणी जेवलं न्हाई, हे तुला सांगायला नको.

खांदेमळणीला सगळं गाव काठाला. बैलायची रांग ओढ्यापर्यंत. ह्यांनी चांद्या अन् भुऱ्याला पुढं घेतलं.  चांद्या गुडघाभर पाण्यात गेला, नाक खाली नेलं अन् फुरफुर करून मान वर केली. मागं कुणी तरी च्‌च्‌ केलं.  म्या मनात म्हणलं, आयुष्यभर तुम्हाला रांधून घातलं, आज माझी अब्रू घेऊ नका. चांद्या तसाच हुभा. मंग भुऱ्या, तो म्हातारा, ज्याला म्या लहानपणी बाटलीनं दूध पाजलं, तो दोन पावलं अजून आत गेला, ओढ्याचं पाणी येतं तिथं, अन् तोंड लावलं. प्याला रे साहेब्या! घटाघटा प्याला. त्याचं पाहून चांद्यानं बी लावलं. हे पाण्यातच हुभे राहून लेकरावाणी रडले. अण्णासाहेबांनी नुसता हात वर केला अन् मागची सगळी जनावरं पाण्यात घुसली.

तीन दिस झाले, एकाही बैलाला काही झालेलं न्हाई. मासे राह्यले, पर बारीक हायेत. तुझ्या साहेबाला सांग, आता येऊ नका, दिवाळी झाल्यावर या. तव्हा तुझं फिरतीचं पाहू. आता म्या पेंड अंगाला सोसंल इतक्या कोमट पाण्यात भिजवते, थंड झाल्यावर पावडर टाकते अन् घट्ट मळते. परवापासून मासे पोत्याला येऊन राह्यले.

आता माझं ऐक. ह्यांनी तुझी सगळी पत्रं माझ्यापुढं टाकली. म्या वाचली. पहिल्याच पत्रात तू लिहिलंस, दुधाला विरजण लावतो तसं समजा. ती ओळ मला कुणी सांगितली न्हाई. ह्यांनी मला सांगितलं, औषध हाय, टाक. विरजण म्हणून सांगितलं असतं तर म्या ते उकळत्यात टाकलं असतं का रे? उकळत्या दुधात विरजण कोणती बाई घालती? पुढं बी तेच. आक्काला कळू देऊ नका, दुर्गाला सांगू नका. हे मला जपून राह्यले, तू मला जपून राह्यलास, अन् रोज पहाटी ते पातेलं ढवळत व्हते म्या. एक दिवस मला इचारलं असतं, काय करतीस म्हणून, तर मासे मेले नसते अन् हे तोंड लपवून लिंबाखाली खड्डे खणत बसले नसते.

रागावले न्हाई. रागावले असते तर लिहिलं नसतं. तू घाबरून बी खरं बोललास अन् नोकरीतलं नुकसान सोसलंस, ते मला कळलं. तुळजाला सांग, दुधाचं वाईट वाटून घेऊ नको, राखीचं राह्यलेलं दिवाळीला एकदम घेईन.

पावडर संपत आलीय. पुढची पिशवी पाठवशील तव्हा चिठ्ठी माझ्या नावानं टाक. चौथीपर्यंत शिकले म्या, मला बराबर वाचता येतं.

तुझी आक्का,
दुर्गा